काचपेटी आणण्यापूर्वी

मुरबाड तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर शेती केलेला माणूस आता दिवसभर ओटीवर बसून रस्त्याकडे पाहत असतो. दोन वर्षांपासून विसर वाढला आहे. जेवण झाले की नाही, हेही कधी कधी आठवत नाही. समोर ताट ठेवले तरी चार घासांनंतर लक्ष उडते. धाकटे दीर कल्याणला असतात. त्यांनी सुचविले आहे, की वडिलांचे मन रमावे म्हणून समुद्रातल्या रंगीत माशांची मोठी काचपेटी घरात आणावी. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘खर्च ते करणार आहेत, पण निगा मलाच राखावी लागेल. आणावी का?’

या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला आहे. घरातील वृद्धांसाठी काही आणण्याचा उत्साह बहुधा दूर राहणाऱ्यांना असतो आणि आणलेल्या वस्तूचे ओझे जवळ राहणाऱ्यांवर पडते. म्हणून आजचा लेख माशांविषयी असला, तरी तो माशांची काळजी घेणाऱ्या हातांविषयीही आहे.

मन निवते, हे कितपत खरे?

पाण्यातून संथपणे फिरणारे मासे पाहताना जिवाला बरे वाटते, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत, असे आपण म्हणाल. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. शहापूर-मुरबाडकडच्या अनेक ज्येष्ठांनी शाळेच्या सहलीत किंवा पाहुण्यांकडे गेल्यावर ते पाहिले असेल आणि त्या अंधाऱ्या दालनातील उजळलेल्या काचा अनेकांच्या अजून स्मरणात असतील. तरीही या अनुभवाची पडताळणी झाली आहे आणि ती जाणून घेण्याजोगी आहे.

अमेरिकेत 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना माशांच्या काचपेटीसमोर बसविण्यात आले. उच्च रक्तदाब असलेले आणि नसलेले, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचा रक्तदाब मासे पाहत असताना उतरलेला आढळला. आपल्या भगिनींच्या प्रश्नाशी अधिक जवळचा अभ्यास 2002 सालचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या 62 वृद्धांच्या निवासांत जेवणाच्या जागी माशांच्या काचपेट्या ठेवल्या गेल्या. त्यानंतर त्यांच्या खाण्याचे प्रमाण सुमारे 21 टक्क्यांनी वाढले आणि त्यांचे वजनही थोडे वाढले. एरवी उठून जाणारी किंवा पेंगणारी माणसे समोरच्या हालचालीकडे पाहत ताटाशी अधिक वेळ बसली, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो.

मात्र येथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. या विषयावरील संशोधनाचा एकत्रित आढावा 2019 साली घेतला गेला. त्यात असे दिसले, की बरेच अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सर्वत्र एकसारखे नाहीत. तेव्हा मासे पाहिले म्हणून रक्तदाबाची गोळी कमी करण्याचा विचारही मनात आणू नये. दुसरे असे, की त्या निवासांतील काचपेट्यांची देखभाल वृद्धांवर सोपविलेली नव्हती. आपल्या घरी ती व्यवस्था आपल्यालाच करायची आहे.

माझी चूक

ही व्यवस्था न करता काचपेटी आणली तर काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. माझी आई गेली, त्यानंतर वडील शहापूरच्या घरात एकटे राहू लागले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी ठाण्याला. दर रविवारी जाणे होतेच असे नाही. घरात काही हलते-फिरते असावे, म्हणून मी त्यांच्या वाढदिवसाला अडीच फुटांची काचपेटी घेऊन गेले. त्याच दिवशी पाणी भरले, त्याच संध्याकाळी अकरा मासे सोडले. ‘लगेच सोडले तरी चालतात’ असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि मलाही तेच ऐकायचे होते. दिवा लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या आणि मी रात्रीच्या गाडीने परतले.

तिसऱ्या दिवशी पहिला मासा मेला. नवव्या दिवशी काचपेटी रिकामी झाली. अण्णांनी प्रत्येक मासा स्वतःच्या हाताने काढून परसात पुरला होता. मी दुसरे मासे आणते म्हणाले, तेव्हा ते फोनवर एवढेच बोलले, “नको. माझ्याकडून होत नाही. तुझ्या आईचेही पथ्यपाणी मी सांभाळले होते.”

वाचकहो, त्या मृत्यूंचा दोष त्यांच्याकडे मुळीच नव्हता. तो माझ्या घाईचा होता. ज्याने नुकतेच जोडीदाराला गमावले आहे, त्याच्या हाती आपण न जगणारे जीव सोपवितो, तेव्हा आपण त्याला विरंगुळा देत नाही, पुन्हा एकदा हरण्याचा प्रसंग देतो. म्हणून मासे का मेले, हे नीट समजून घेऊ.

मासे आपली विष्ठा ज्या पाण्यात टाकतात, त्याच पाण्यात श्वास घेतात. विष्ठेपासून आणि उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. ओढ्यात किंवा तळ्यात हा अमोनिया पचविणारे जिवाणू असतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते बरेच निरुपद्रवी असते. नव्या, स्वच्छ काचपेटीत हे जिवाणू नसतात. त्यांची वस्ती वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढते आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी दिसायला काचेसारखे नितळ असते, पण माशांसाठी ते विष असते. विरजण लागल्याशिवाय दही होत नाही, तसेच हे आहे. पाण्याला विरजण लागू द्यावे लागते.

समुद्र घरात आणावा का?

आता दिरांच्या सूचनेकडे वळू. खाऱ्या पाण्यातील मासे रंगाने अतिशय देखणे असतात, यात शंका नाही. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा चित्रपटामुळे नातवंडांच्या ओळखीचा झाला आहे. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि हे प्रमाण घरातील काचपेटीतही कायम राखावे लागते. स्वयंपाकघरातील मीठ त्यासाठी चालत नाही. विशिष्ट क्षारांचे मिश्रण विकत आणून ते मोजून, विरघळवून वापरावे लागते. पाण्याची वाफ होते, पण क्षार मागे राहतात. म्हणून रोज गोडे पाणी घालून पातळी सावरावी लागते. प्रवाळाच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांना तापमान साधारण 25 ते 27 अंशांच्या आसपास लागते. शहापूर-मुरबाडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि दुपारी वीज जाते, तेव्हा ते सांभाळणे फार अवघड होते.

त्यात कायद्याचीही बाजू आहे. सागरी घोडे आणि प्रवाळ यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. शोभेसाठी कोणी ते देऊ केले, तरी घेऊ नयेत. बाजारात येणारे अनेक सागरी मासे थेट समुद्रातून पकडून आणलेले असतात. त्यातील किती वाटेतच दगावतात, ते आपल्याला दिसत नाही. विदूषक माशाची पैदास मात्र बंदिस्त पाण्यात करता येते आणि आपल्याच जिल्ह्यात ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानने सागरी शोभिवंत माशांचे उबवणी केंद्र उभारले आहे. तेथेच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. माझा सल्ला असा, की प्रकृती साथ देत असेल तर ज्येष्ठांना नातवंडांसह एक दिवस तेथे न्यावे, खाडी दाखवावी. समुद्र पाहायला समुद्राकडे जावे. घरातल्या काचपेटीसाठी गोड्या पाण्यातले, काटक, लहान मासेच निवडावेत.

नावाचे गप्पी, स्वभावाने मुके

असे काटक मासे शोधायला दूर जायला नको. हिवतापविरोधी मोहिमेतले गप्पी मासे आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या चांगले ओळखीचे आहेत. आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे वापरते आणि गावोगावी त्यांच्या पैदाशीचे हौद केलेले असतात. या माशाचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि नाव त्रिनिदाद बेटावरील गप्पी नावाच्या एका गृहस्थांवरून पडले. आपल्या गप्पांशी त्याचा संबंध नाही. बाजारात याच माशाच्या रंगीत, पंख्यासारख्या शेपटीच्या जाती स्वस्त मिळतात. आपल्या उपखंडातीलच झेब्रा डॅनिओ हा निळ्या पट्ट्यांचा चपळ मासाही असाच सोशिक आहे.

एक सूचना महत्त्वाची. गप्पी अंडी घालत नाही. मादी साधारण महिन्याभराने थेट पिलांनाच जन्म देते आणि एका वेळी वीस-तीस पिले सहज होतात. म्हणून फक्त नर घ्यावेत. ते अंगाने लहान पण अधिक रंगीत असतात. मासे जास्त झाले म्हणून काळू नदीत, भातसेच्या पाण्यात किंवा गावच्या ओढ्यात कधीही सोडू नयेत. बाहेरून आलेला मासा स्थानिक माशांची अंडी-पिले खातो आणि त्यांची जागा घेतो. काचा साफ करण्यासाठी विकला जाणारा सकर मासा कोणीतरी सोडून दिल्यामुळेच उजनीच्या जलाशयात पसरला आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना त्याचा उपद्रव झाला. पहिल्या पावसात भातखाचरांत चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी लहानपणी पकडले आहेत, त्या आपल्या पिढीला हे अधिक सांगायला नको.

पाणी, आपल्या भागातले

शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे आहेत आणि त्याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी माशांसाठी पाणी राखून ठेवणे योग्य आहे का, हा प्रश्न मनात यायलाच हवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचपेटीत साधारण 50 लिटर पाणी मावते. ते एकदाच भरायचे असते. दर आठवड्याला त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे दहा लिटर, बदलायचे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते आणि ते झाडांचे खत आहे. तुळस, कढीपत्ता, जास्वंद यांना ते घालावे. एरवी झाडांना घालत होतो तेच पाणी काचपेटीतून फिरून आले, इतकेच. मात्र ज्यांच्या घरी पिण्याचे पाणीच टँकरने येते, त्यांनी हा बेत करू नये, किंवा विहिरींना पाणी असेल तेव्हाच करावा.

आपल्याकडे सुरुवातीची उत्तम वेळ म्हणजे गणपती-विसर्जनानंतरची. विहिरी भरलेल्या असतात, उकाडा कमी झालेला असतो. तेव्हा काचपेटीत वाळू आणि पाणी भरून फिल्टर सुरू करावा आणि मासे न सोडता रोज खाद्याची अगदी लहान चिमूट पाण्यात टाकावी. जिवाणूंना तेच अन्न. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी काचपेटी असेल, तर तिच्या फिल्टरचा थोडा वापरलेला स्पंज मागून आणावा. तो विरजणाचे काम करतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचा संच बाजारात मिळतो. दोन्ही शून्यावर आले, की पाणी तयार झाले. दिवाळीच्या सुमारास सहा मासे सोडावेत. दोन-तीन आठवडे सारे ठीक राहिले, तर आणखी चार. त्यापुढे मोह आवरावा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांना आणि जिवाणूंना, दोघांनाही मारतो. म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मग वापरावे. आठवड्यातून एकच बादली आणि तीही एकाच दिवसासाठी असल्याने डासांची भीती नसते. विहिरीच्या पाण्यात एरवी क्लोरीन नसला, तरी पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, हे विसरू नये. ज्या दिवशी पावडर पडली, त्या दिवशीचे पाणी काचपेटीत घालू नये. पाण्यातील क्लोरीन तपासण्याची ओ. टी. चाचणी ग्रामपंचायतीकडे होते. शंका असल्यास तेथे विचारावे.

उन्हाळ्यात पाणी जितके तापेल, तितका त्यातील प्राणवायू कमी होतो. काचपेटी खिडकीतील उन्हापासून दूर ठेवावी, दुपारी दिवा बंद ठेवावा आणि हवेचा पंप चालू ठेवावा. वीज गेली तर घाबरू नये. मासे थोडे असतील, तर काही तास ते सहज निभावतात. त्या वेळात खाद्य देऊ नये आणि अधूनमधून तांब्याने पाणी घेऊन वरून हलकेच सोडावे. हिवाळ्यात माळशेजकडून गार वारे येऊ लागले आणि पाणी 20 अंशांच्या खाली जाऊ लागले, की लहान हीटर लावावा.

आपले हात आणि आपली पाठ

पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो. काच, वाळू आणि स्टँड धरून हे वजन सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या पुढे जाते. म्हणून काचपेटी भिंतीतल्या फळीवर किंवा जुन्या टेबलावर ठेवू नये. सपाट, भक्कम लोखंडी स्टँडवर थर्माकोलचा जाड तुकडा अंथरून त्यावर ठेवावी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत ती यावी. जेवणाच्या जागेजवळ ठेवता आली तर उत्तम. पत्र पाठविणाऱ्या भगिनींच्या सासऱ्यांसाठी तर तीच योग्य जागा आहे.

पाणी बदलताना भरलेली बादली उचलू नये. दोन-तीन लिटरच्या भांड्याने, थांबत थांबत काम करावे. खाली जुनी गोणपाटे अंथरावीत, कारण ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणातली सर्वांत महाग चूक आहे. पाणी काढण्याची नळी तोंडाने ओढू नये. हाताने दाबण्याच्या पंपाची नळी मिळते, ती घ्यावी.

हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटर, दिवा आणि पंप यांचे प्लग काढावेत, केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेईल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात येते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनाही अनेकदा आपण होऊन सांगावी लागते. माशांच्या पाण्यात क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला एक जिवाणू कधी कधी असतो. हातावरील जखमेतून तो आत शिरला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, लालसर गाठ येते आणि ती नेहमीच्या मलमांनी बरी होत नाही. उपचार आहे, पण तो काही महिने घ्यावा लागतो. मधुमेह असलेल्यांनी, स्टिरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आणि हातावर चीर किंवा भेग असलेल्यांनी पाण्यात हात घालू नये. घालावाच लागला, तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वापरावेत. अशी गाठ दिसली, तर “घरी माशांची काचपेटी आहे” हे वाक्य डॉक्टरांना जरूर सांगावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि माशांची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

सात कप्प्यांची डबी

विसर पडणाऱ्या माणसाच्या हाती खाद्याचा डबा दिला, तर तो दिवसातून सहा वेळा मायेने खाऊ घालतो. न खाल्लेले खाद्य कुजते, अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. पण खाद्य घालण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले, तर काचपेटी त्याची राहत नाही.

यावर तोडगा आपल्या घरातच आहे. गोळ्यांसाठी सात वारांच्या कप्प्यांची डबी मिळते, तशीच एक वेगळ्या रंगाची डबी माशांसाठी घ्यावी. दर रविवारी सांभाळणाऱ्याने प्रत्येक कप्प्यात एकेक चिमूट खाद्य भरावे, दोन मिनिटांत संपेल एवढेच. खाद्याचा मुख्य डबा आणि माशांची औषधे कुलपात ठेवावीत, माणसांच्या औषधांपासून दूर. आजचा कप्पा रिकामा दिसला, म्हणजे मासे जेवले. पुन्हा विचारले तर रागावण्याऐवजी डबी दाखवता येते. सकाळी आपली गोळी, मग माशांचा दाणा, असा क्रम लावला, की एका कामाला दुसऱ्याची आठवण जोडली जाते. विसर अधिक असेल, तर दोन्ही डब्या उघडताना कोणीतरी शेजारी उभे राहावे, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

ही युक्ती मला अण्णांकडून मिळाली. पहिल्या फजितीनंतर दीड वर्षाने शेजारच्या घरातून त्यांनी स्वतःच सहा गप्पी आणले आणि त्याच अडीच फुटी काचपेटीत सोडले. या वेळी पाणी दीड महिना आधी तयार केले होते. डबीचा बेत त्यांचाच. शिक्षकी पेशातला माणूस, त्यांनी प्रत्येक कप्प्यावर वार लिहिले होते.

कोणाचे काम कोणाकडे

तेव्हा मुरबाडच्या भगिनींना माझे उत्तर असे आहे. काचपेटी जरूर आणा, पण लहान आणि गोड्या पाण्याची. आणण्यापूर्वी कामे वाटून घ्या आणि ती कागदावर लिहा. रोजचा दाणा सासऱ्यांनी घालावा. दिव्याचे बटण सकाळी लावणे आणि रात्री बंद करणे हेही त्यांनाच द्या. मासे मोजून सगळे आहेत ना, हे पाहणे घरातल्या मुलांकडे असू द्या. पाणी बदलणे आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्याच पाण्यात पिळून धुणे, हे काम दिरांचे. त्यांनी पंधरा दिवसांनी येऊन केले तरी चालेल, मधल्या आठवड्यातले तेवढे तुम्ही करा. ते येणार नसतील, तर त्यांना मोकळेपणाने सांगा, की मग काचपेटीही येणार नाही. हे सांगण्यात काही अवघडू नका. ज्याला देखभालीला येता येत नाही, त्याने देखभाल लागणारी भेट देऊ नये.

मासे मरतील, हेही आधीच घरात बोलून ठेवा. गप्पीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते. मेलेला मासा लगेच काढावा, झाडाच्या बुंध्याशी पुरावा आणि तो गेला हे लपवू नये. “आपण नीट सांभाळला, त्याचे दिवस भरले,” असे सरळ सांगावे. आणि एकामागून एक मासे दगावू लागले, तर ज्येष्ठांनी स्वतःला दोष देण्यापूर्वी आपण पाणी तपासावे. मी ते वेळेवर केले नव्हते.

शेवटी एवढेच. काचपेटी माणसाची जागा घेत नाही. ती फार तर दोन माणसांना शेजारी बसायला एक निमित्त देते. अण्णांचे गप्पी नीट वाढू लागल्यावर मला हायसे वाटले होते आणि खरे सांगायचे तर माझे फोन थोडे कमी झाले होते. एका रविवारी मी त्यांना विचारले, “काय म्हणतात तुमचे गप्पी?” ते म्हणाले, “ते कसले बोलतात? तू कधी येतेस, ते सांग.”

दुसऱ्या शनिवारी मी गेले. आम्ही दोघांनी मिळून दहा लिटर पाणी बदलले. त्याला अर्धा तास लागला. मग आम्ही काचेसमोर खुर्च्या ओढून बसलो आणि आईविषयी बोललो. तिला जाऊन दोन वर्षे होत आली होती. एवढ्या काळात आम्ही तिच्याविषयी असे सावकाश बोललोच नव्हतो.